कोरडी हळद

"तुमचं हॉटेल ग्रीन आहे म्हणून मी इथं लग्न करतेय. ते ग्रीन म्हणजे नक्की काय, ते मला एकदा दाखवा."

ऋतुजा चहाचा कप खाली ठेवत म्हणाली. लग्न परवावर आलेलं, आत्या आणि मामेबहिणी साड्यांचे ढीग घेऊन बसलेल्या, आणि नवरी मुलगी व्हरांड्यात येऊन मला हे विचारत होती. नागपूरला आर्किटेक्ट होती ती. चिखलदऱ्याची सगळी हॉटेलं धुंडाळून तिने आमचं 'सालईवन' निवडलं होतं.

मी तिथं पाहुण्यांना रान दाखवायचं काम करायचे. त्याआधी परतवाड्याच्या एका शाळेत पर्यावरण शिकवत होते. शाळा बंद पडली, आणि हॉटेलचे मालक विजयराव चर्जन यांनी मला बोलावून घेतलं. "हल्ली लोक विचारतात, इंगोले मॅडम," ते म्हणाले होते. "नुसतं एसी आणि जेवण पुरत नाही त्यांना. कोणीतरी समजावून सांगणारं पाहिजे." मुलगी अमरावतीला शिकत होती, मला नोकरीची गरज होती, आणि कामही मनासारखं होतं.

मी ऋतुजाला आणि तिच्यामागे निघालेल्या चार-पाच बायकांना घेऊन फिरले. छतावरचे सोलर, स्वयंपाकघरामागचे खताचे खड्डे, प्लास्टिकऐवजी काचेच्या बाटल्या, पळसाच्या पत्रावळी. त्यांनी फोटो काढले. ऋतुजाने मात्र फोन पर्समधून काढलाच नाही.

"आणि पाणी?" तिने विचारलं. "एवढं मोठं लॉन, पूल, आता आमचे एवढे पाहुणे. पाणी कुठून येतं?"

पाणी बोअरचं होतं. हॉटेलच्या मागच्या उतारावर पंपघर होतं, आणि त्याच उताराच्या पायथ्याशी आमढाणा नावाचं कोरकू आदिवासींचं गाव. गावाला उन्हाळ्यात एका झिऱ्याचा आधार. झिरा म्हणजे खडकाच्या पोटात खणलेला, दगडी पायऱ्यांचा लहानसा खड्डा. त्यात पाणी पाझरत राहायचं. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या सकाळच्या फेरीत तो झिरा होता. मग हॉटेलने पूल बांधला, बोअरला मोठी मोटर बसवली, आणि झिरा खाली जायला लागला. विजयरावांनी मला फेरीचा रस्ता बदलायला सांगितला. "पाहुणे सुट्टीवर येतात, मॅडम. कशाला त्यांचं मन खराब करायचं?" मी त्यांच्याशी दोनदा भांडले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

ऋतुजा उत्तराची वाट पाहत होती.

"चपला बदला," मी म्हणाले. "उतार आहे."

झिऱ्यावर पाण्याच्या रिकाम्या गुंडांची, म्हणजे पितळी हंड्यांची, रांग लागली होती. एक बाई अगदी तळाशी बसून वाटीने पाणी खरवडत होती. वाटी अर्धी भरली की ती गुंडात रिकामी करायची, मग पुन्हा पाझरायची वाट बघत बसायची. वरच्या पायरीवर गावची सरपंच फुलमती कासदेकर उभी होती. कमरेला मोबाइल खोचलेला, पदर डोक्यावर.

"या मॅडम. लई दिवसांनी पाहुणे आणले."

"ही ऋतुजा. परवा वर हिचंच लग्न आहे."

फुलमतीने तिला निरखून पाहिलं. "चांगलं होऊ दे बाई तुझं."

"उन्हाळ्यात नेहमीच असं होतं का इथं?" ऋतुजाने विचारलं.

"उन्हाळ्यात कमी होते. पण आटत नव्हता. वरची मोठी मशीन लागली, तवापासून आटला."

"अगं, खेड्यांतून असं असतंच," ऋतुजाची आत्या मागून म्हणाली. "टँकर येत असेल ना यांच्याकडे."

फुलमतीने तिच्याकडे मान वळवली. "टँकर नाई पायजे मले. टँकरवाला येईन त्या दिवशी पाणी, नाई येईन त्या दिवशी नाई. झिरा आमचा हाय. मशीन बंद करा अन् मंग पाहा, पाणी येते का नाई."

परत चढताना ऋतुजा पंपघराकडे बघत चालत होती. मग थांबली. "उद्या हळदीनंतर रेन डान्स आहे. त्याला किती पाणी लागेल?"

"मोठी टाकी रिकामी होईल."

"माझी हौस नाहीये ती. सासऱ्यांनी मागितलंय. बाकी सगळं माझ्यावर सोडलं, फक्त रेन डान्स पाहिजेच म्हणाले." तिने कपाळावरचा घाम पुसला. "हे आधी माहीत असतं तर..."

"आता माहीत आहे," मी म्हणाले.

दुपारी विजयरावांनी मला ऑफिसात बोलावलं. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"मुलीला कुठं नेलं होतं?"

"झिऱ्यावर. तिने पाणी कुठून येतं ते विचारलं."

"मॅडम, किती वेळा सांगू? झिरा वरच्या थरातलं पाणी, बोअर खोलातलं पाणी. दोघांचा काही संबंध नाही. त्या सरपंचबाईला कोणीतरी भरवून दिलंय."

"मग मोटर बंद करून बघू या."

"लग्नात?"

"निदान रेन डान्स तरी रद्द करा."

"डाखोरे साहेबांना कोण सांगणार? वाशिमकडचा मोठा कंत्राटदार माणूस आहे. त्याने एवढं एकच मागितलंय."

"मी सांगते."

ते माझ्याकडे बघत राहिले. "सांगा. पण तो माणूस बिथरला, तर संध्याकाळच्या एसटीने परतवाड्याला जायची तयारी ठेवा."

"ठेवते," मी म्हणाले. खोलीवर जाऊन खरंच बॅग भरली आणि पलंगावर ठेवून बाहेर आले. मुलीला फोन करावासा वाटला, पण केला नाही. तिचा आवाज ऐकून पाऊल मागे पडलं असतं.

तुळशीराम डाखोरे चारच्या सुमाराला आले. गाडीमागे त्यांच्या गावच्या लोकांनी भरलेली बस होती. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या सफारीतले. गाडीतून उतरून ते हॉटेलकडे वळलेच नाहीत. बसच्या दाराशी उभे राहून एकेका म्हाताऱ्या माणसाला हात देऊन खाली घेत राहिले. शेवटी एका अगदी वाकलेल्या बाईला त्यांनी जवळजवळ उचलूनच उतरवलं. "सांभाळून, सरजामावशी."

मी पुढे झाले. नाव सांगितलं, काम सांगितलं आणि मग एका दमात झिऱ्याचं सगळं सांगितलं. विजयराव पायऱ्यांवर उभे राहून ऐकत होते.

डाखोरेंनी मला मध्ये तोडलं नाही. बोलणं संपल्यावर म्हणाले, "बाई, हे लोक पाह्यले का तुम्ही? आमच्या गावात आंघोळीचं पाणी भांडे घासाले वापरतात. भांड्याचं पाणी ढोराईले. ही मावशी माझी, हिनं जन्मभर लोटा मोजून पाणी घेतलं. मरायच्या आधी एकदा तरी हे लोक बिनाहिशोबी पाण्यात भिजले पायजे. मी शब्द देल्ला त्याइले. तो मोडू का?"

मी लॉनकडे पाहिलं. सरजामावशी काठी टेकत लॉनवर गेली होती आणि नुकतंच पाणी मारलेल्या गवतावर पायाचा तळवा दाबून बघत होती.

"ज्यांचं पाणी आहे, तेही असेच लोक आहेत," मी म्हणाले. "एकदा खाली येऊन बघा. मग तुम्ही ठरवाल तसं."

"अन् नाई आलो तं?"

"तर उद्या हळदीत उभी राहून सगळ्यांना सांगेन, की तुम्ही भिजताय ते पाणी कुणाचं आहे."

पायऱ्यांवरून विजयरावांनी "मॅडम!" म्हटलं. डाखोरेंचा चेहरा ताठ झाला. तेवढ्यात ऋतुजा बाहेर आली. तिने डोक्यावर ओढणी घेतली होती आणि पायांत सकाळचेच बूट घातले होते.

"बाबा, चला ना," ती म्हणाली. "मीपण येते."

होणाऱ्या सुनेला त्यांना नाही म्हणता आलं नाही.

उन्हं कलली होती. झिऱ्यावर आता दुसरी बाई वाटी घेऊन बसली होती. डाखोरे पायऱ्या उतरले, तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि हाताचा तळवा खडकाला लावून तसेच राहिले. मग एका भेगेवरून बोट फिरवत वर पाहिलं. उताराकडे, झाडांपलीकडच्या पंपघराकडे.

"बोअर तो का?"

"हो," विजयराव म्हणाले.

"वरचं पाणी अडवाले केसिंग पाइप किती खाली टाकला?"

"ते बोअरवाल्यालाच माहीत."

डाखोरे कसनुसं हसले. उठून उतार चढायला लागले. पंपघराशी जाऊन त्यांनी पाइपावर हात ठेवला आणि मोटरचा आवाज ऐकत राहिले. आम्ही सगळे मागे उभे. फुलमतीही आमच्यामागून चढून आली होती.

"हे एकच पाणी हाय," ते म्हणाले.

"कशावरून?" विजयरावांनी विचारलं. "खोलातलं पाणी..."

"बंद करा. लग्न माझ्या घरचं हाय, मी सांगून राह्यलो. आत्ता बंद करा."

"आणि एवढे पाहुणे?"

"टँकर मी मागवतो. प्यायाले अन् सैंपाकाले. आंघोळीले माणशी एक बादली. ज्याले नाई पटत त्यानं घरी जावं."

विजयरावांनी बटण दाबलं. मोटर घरघरून थांबली. इतके दिवस तो आवाज अखंड कानावर होता, त्यामुळे ती शांतता विचित्र वाटली.

"कधीपर्यंत बंद?" फुलमतीने विचारलं.

"वरात निघेपर्यंत," विजयराव म्हणाले.

"अन् मंग?"

विजयराव पंपघराचं दार ओढून घेऊन उतार चढायला लागले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मी माइक घेऊन उभी राहिले. विजयरावांनी अडवलं नाही, पण तोंड फिरवून बसले. मी पाहुण्यांना सांगितलं की शॉवर बंद आहेत, पूल बंद आहे, आणि का बंद आहे. "ज्यांना बघायचंय, त्यांना मी खाली घेऊन जाईन."

"मॅडम, आम्ही लग्नाला आलोय, शाळेत नाही," मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मीही हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ऋतुजाच्या मामांनी सामान बांधलं आणि कुटुंबासकट दुसऱ्या हॉटेलात गेले. आत्याने बादली बाथरूमच्या दारात आदळली, ती साऱ्या मजल्यावर ऐकू गेली. पण दुपारपर्यंत तीन तुकड्या झिऱ्यावर जाऊन आल्या. चौथी तुकडी मला न विचारताच गेली. पुण्याहून आलेलं एक जोडपं तर तिथंच बसून राहिलं. एक गुंड भरेपर्यंत उठायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. परत आले तेव्हा बायको म्हणाली, "मध्येच उठलो हो. ऊन सोसेना."

हळद लागली. लॉनवर रेन डान्सचे पाइप उभे होते, रंगीत दिवेही लागले, डीजेने गाणी लावली. पाइपांतून थेंबही पडला नाही. पोरं तशीच नाचली. धूळ उडाली, चेहऱ्यांवरची हळद वाळून तडकली. तोंड पुसायला प्रत्येकाला ओला रुमाल दिला होता. सरजामावशी पाइपांखाली खुर्ची टाकून वर बघत बसली होती.

"तुळश्या, पाणी कुठी हाय रे?"

डाखोरे तिच्या कानाशी वाकले. "नाई जमलं, मावशे."

"बरं," ती म्हणाली, आणि तरी तिथंच बसली.

लग्नाच्या दिवशी पहाटे मी झिऱ्यावर गेले. तळाशी वाटी तशीच पडलेली. खडक ओलसर होता, पण तसा तो आधीही असायचा. पाणी चढलेलं नव्हतं. फुलमती माझ्याआधी येऊन बसली होती. मी तिच्याशेजारी बसले.

अक्षता पडल्यावर विजयराव माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "काय मॅडम, आलं का पाणी?"

"अजून एक दिवस आहे."

"उद्या वरात गेली की मोटर सुरू. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

डाखोरे चुकले असतील तर? मी चुकले असेन तर? पंगतीत वाढताना लोक मला पाण्याचं विचारत होते आणि मी "उद्या बघू" म्हणत होते. दुपारी व्याही-भेटीच्या गडबडीत डाखोरे दिसेनात. खिडकीतून पाहिलं, तर उतारावरून ते एकटेच वर येत होते. नवा फेटा काखेत धरलेला.

वरात निघायच्या सकाळी बसमध्ये सामान चढत होतं. फुलमती गेटमधून तडक आत आली. वॉचमन मागून हाका मारत होता.

"मॅडम, या. शेठले घेऊन या. अन् मालकालेही."

वाटेतच बायकांचे आवाज ऐकू यायला लागले. झिऱ्याशी पोचलो तेव्हा सगळं गाव तिथं होतं. तळ दिसत नव्हता. खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या, आणि वाटी घेऊन बसणारी ती बाई गुंड आडवा करून पाण्यात बुडवत होती. गुंड बुडबुडे काढत भरला. तिने तो वर काढून दुसरीकडे दिला आणि पुढचा घेतला. वाटीची गरजच उरली नव्हती.

विजयरावांनी बूट काढले. पँट वर दुमडून ते पाण्यापर्यंत उतरले. वाकून हात घातला, पुन्हा घातला. मग तसेच पाठमोरे उभे राहिले.

डाखोरे वरच्या पायरीवर बसले होते.

"बाई," ते मला म्हणाले, "मी कशाचा कंत्राटदार हाय, ते विचारलंच नाई तुम्ही."

"कशाचे?"

"बोअरचा. जन्मभर बोअरच मारले. पहिला मारला तो माझ्याच वावरात, गावच्या विहिरीच्या वरच्या अंगाले. संत्र्याचा बगीचा लावला, तो फळाले आला अन् विहीर आटली. लोक आले माझ्या दारी. म्हणे तुळशीराम, तुझ्या बोअरनं नेलं आमचं पाणी." त्यांनी विजयरावांच्या पाठीकडे पाहिलं. "हे जे सांगतात न, तेच सांगितलं मी त्याइले. वरचं पाणी येगळं, खालचं येगळं. मले तवाच माहीत होतं. भोक पाडताना समजते माणसाले, कोणतं पाणी कुठून येऊन राह्यलं ते."

"मग लोक काय म्हणाले?" ऋतुजाने विचारलं. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. लग्नातला चुडा, हळदीचे पिवळे हात, पायांत तेच बूट.

"काय म्हणतीन? सरजामावशी म्हणाली, पोरा, तू शिकलेला हायेस, तू म्हणतो तं असंन. अन् गेले निंगून." त्यांनी पायरीवरची माती तळव्याने पुसली. "म्हटलं, पोराच्या लग्नात एकदा त्याइले भिजवू."

ऋतुजा त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. भरजरी शालू मातीत गेला, पण तिने आवरला नाही. त्या दोघांकडे बघवेना म्हणून मी झिऱ्याकडे तोंड केलं. बायका गुंड भरत होत्या.

थोड्या वेळाने डाखोरे उठले. विजयराव वर येत होते. दोघं समोरासमोर आले.

"मालक, तुमचा बोअर चालू करायचा का नाई, ते तुम्ही ठरवा," डाखोरे म्हणाले. "मले माझ्या गावचं पाहाचं हाय."

बस गेली. विजयराव दुपारभर ऑफिसात दार लावून बसले. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं, आणि मी बॅग आठवतच आत गेले.

"पाऊस लागेपर्यंत मोटर बंद," ते म्हणाले. "अर्ध्या खोल्या बंद करतोय. आलेली बुकिंग तुम्हीच फोन करून सांगा. काय सांगायचं ते तुम्हाला बरोबर येतं."

मी फोन केले. बरेच लोक चिडले, काही नाही चिडले. लहान मोटर बसली, पूल पुन्हा कधी भरला नाही आणि माझी सकाळची फेरी पुन्हा जुन्या, झिऱ्याच्या रस्त्याने सुरू झाली. पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे आल्या-आल्या झिरा कुठं आहे ते विचारायला लागले. विजयराव त्यांना मोटर बंद केल्याची गोष्ट सांगायचे, आणि ती कल्पना हळूहळू त्यांची स्वतःची होत गेली. मी कधी दुरुस्त केली नाही. फुलमती करायची, तीही पाहुण्यांसमोरच. मी त्या हॉटेलात पुढे पुष्कळ वर्षं काढली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ऋतुजाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "बाबांनी वावरातला बोअर लग्नाहून गेल्या-गेल्या बंद केला. संत्र्याचा बगीचा वाळला सगळा. घरात फार भांडणं झाली. माझे दीर अजून बोलत नाहीत त्यांच्याशी."

"आणि विहीर?"

"नाही आलं पाणी. आजूबाजूला आता इतरांचे किती बोअर झालेत. लोक म्हणतात, उशीर झाला. बाबा एकेकाच्या घरी जाऊन बसतात, बंद करा म्हणून सांगतात. कोणी चहा देतं, कोणी दारातूनच परत पाठवतं. तरी जातात."

मला सरजामावशीचं विचारायचं होतं. विचारवेना.

"थकून पुन्हा सुरू तर नाही ना करणार ते?" मी म्हणाले. "एवढा बगीचा डोळ्यांदेखत वाळला म्हणजे..."

"सुरू कसा करतील?" ऋतुजा म्हणाली. "त्यांनी त्यात काँक्रीट ओतलंय."